नरपडला उतार नाही

चाकानंतर मानवजातीने लावलेला सर्वांत मोठा शोध म्हणजे उतार. संस्कृती नदीकाठी वाढली असं इतिहासाच्या पुस्तकात असतं, मीही छत्तीस वर्षं तेच शिकवलं. पण ती नदी तरी वाहते कशाच्या जोरावर, हे एकाही मुलाने विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. हे तत्त्वज्ञान मला एकोणसत्तराव्या वर्षी सुचलं, तेव्हा मी तलासरीत माझ्याच दारात, बंद राजदूतवर, हेल्मेट घालून बसलो होतो. बसून वीस मिनिटं झाली होती. उतार समोरच होता. त्याच्या मधोमध शेजाऱ्यांची शेळी रवंथ करत बसली होती.

"शेळीला उठवू का?" दारातून संगिताने विचारलं. संगिता माझी बायको.

"नको. उठेल आपणहून."

"मग तोवर चहा घ्या."

"हेल्मेट काढावं लागेल."

"मग राहू दे," असं म्हणून ती आत गेली. ती फार आग्रह करत नाही.

उताराची गरज का पडली ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयात दोन स्टेंट बसवले आणि गेल्या वर्षी एक गुडघा बदलला. आता माझ्यात बाहेरचे सुटे भाग इतके झालेत की माझ्यापेक्षा राजदूत जास्त ओरिजिनल आहे. मोटारसायकल चालवू का, असं मी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर नम्र माणूस, तोंडावर नाही म्हणवेना. ते म्हणाले, "चालवा की. फक्त किक मारायची नाही. छातीवर जोर नको आणि गुडघ्यावर तर नकोच." ही नाही म्हणण्याची सभ्य पद्धत होती हे मला कळलं. पण मी आयुष्यभर शासकीय परिपत्रकं वाचलेली आहेत. परिपत्रकात जे स्पष्ट शब्दांत नाकारलेलं नसतं ते मंजूर असतं.

बटण दाबून सुरू होणारी स्कूटर घ्या, असं घरच्यांनी आणि दारच्यांनी सुचवलं. मी ऐकून घेतलं. राजदूतचं कारण वेगळं होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. स्टेंट बसवताना टेबलावर पडल्या पडल्या माझ्या डोक्यामागे एक यंत्र टक टक वाजत होतं. राजदूत न्यूट्रलला उभी असली की अगदी तशीच वाजायची. त्या तालावर मागून कुणीतरी आता गायला सुरुवात करील असं मला सारखं वाटत राहिलं. कुणी केली नाही. घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते शेडमधल्या गाडीवरचं गोणपाट काढायचं.

अच्छाडला लहान्याचं गॅरेज आहे. लहान्या माझा विद्यार्थी, आता पन्नाशीला आलाय. चौथीत त्याला सातचा पाढा येत नसे. आता तो नुसत्या आवाजावरून पिस्टन किती झिजला ते सांगतो आणि मला ते येत नाही, त्यामुळे आमची फिटंफाट झाली आहे. त्याने अकरा वर्षं पडून असलेली गाडी टेम्पोतून नेली, उघडली, सायलेन्सरमधून कुंभारीण माशीची तीन घरं काढली आणि महिन्याभराने मला बोलावलं.

"चालू हाये गुरुजी. पण किक मारायची नाय, तर हिला चालू कशी करनार?"

"तूच सांग."

त्याने हातातल्या पान्याने हायवेकडे दाखवलं. ढाब्यापुढे ट्रक उभे होते. "तो निळा बघा. त्याचा सेल्फ गेलाय. म्हनून ड्रायव्हर वरच्या अंगाला उतारावर लावून जेवायला बसलाय. सेल्फ गेलेला मानूस सपाटीवर कधी जेवनार नाय."

त्या हायवेवरून मी चाळीस वर्षं ये-जा केली आणि इतकी वर्षं मला वाटत होतं की हे लोक डाळीची चव बघून ढाबा निवडतात.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात तालुक्याचा नवा नकाशा तयार झाला. गाडी चढावर तोंड खाली करून लावायची, निघताना दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबून घरंगळू द्यायची आणि वेग आला की क्लच सोडायचा. गचका बसतो, फाट फाट होतं, आणि मग ती सुरू होते. यात छातीवर जोर नाही, गुडघ्यावर नाही, फक्त अब्रूवर थोडासा. माझे संबंध आता उतारावरच्या माणसांशीच उरले. पोस्ट चांगल्या उतारावर आहे, म्हणून मी कारण नसताना पोस्टकार्डं टाकू लागलो. बँक सपाटीवर, तिथे संगिता जाते. नितीन तलाठी माझा बुद्धिबळाचा जुना भिडू, पण त्याने नवं घर बांधलं ते भर सपाटीवर. आता आमचा डाव फोनवर चालतो आणि तो फसवतो. रूपीकडची भाजी मी गाडीवर बसूनच घेतो, इंजिन चालू ठेवून. "इतकी कसली घाई गुरुजी?" असं ती रोज विचारते आणि मी रोज हसतो. बारा वर्षांनी कुर्झे धरणावर गळ टाकायलाही जाऊ लागलो. मासे मिळत नाहीत. पण भिंतीचा उतार फार सुंदर आहे.

हे सगळं उत्तम चाललं होतं. फक्त ज्याच्यासाठी गाडी काढली तो माणूस राहतो नरपडला. डहाणूच्या अलीकडे, समुद्राच्या काठी. आणि नरपड परातीसारखं सपाट आहे.

तो माणूस म्हणजे एकनाथ. राजदूत मुळात आम्हा दोघांची. चौऱ्याऐंशी साली आम्ही ती मिळून घेतली. तेव्हा दोघांची नेमणूक एकाच दोनशिक्षकी शाळेवर होती, तलासरीपासून चौदा किलोमीटर आत. मला चालवायची हौस, म्हणून हँडल माझ्याकडे. तो जबाबदार माणूस, म्हणून किल्ली त्याच्याकडे. तो मागे बसायचा आणि गायचा. घरी गात नसे, शाळेत गात नसे. त्याला तंबोरा लागायचा आणि त्याचा तंबोरा म्हणजे ही राजदूत. ताशी पंचवीसच्या वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये ती बरोबर त्याचा सा लावते, असं त्याचं म्हणणं होतं. तिसावर गेलो की पाठीत बोट टोचायचा. "हलला. सा हलला. पंचवीसवर ये." चढावर गाडी कण्हायला लागली की तो आलाप अर्धवट सोडून चढ संपेपर्यंत थांबायचा, आणि माथ्यावर पोचलो की जिथे सोडला होता तिथून उचलायचा.

आमच्या पिढीतल्या निम्म्या शिक्षकांचा जन्म एक जूनला झालेला आहे, कारण शाळेत नाव घालताना हेडमास्तरांना तीच तारीख सोयीची वाटे. आमचं सालही एकच, त्यामुळे आम्ही दोघे एकाच दिवशी निवृत्त झालो. निरोप समारंभाला शिक्षक संघाने स्मरणिका काढली. मी तेव्हा इकडेतिकडे विनोदी लिहीत असे, म्हणून मला सांगितलं, काहीतरी खुसखुशीत द्या. मी एकनाथच्या गाण्यावर दिलं. त्यात लिहिलं होतं की एकनाथ गुरुजी राजदूतवर गायला लागले की घार आल्यासारख्या पाड्यावरच्या कोंबड्या खुराड्यात पळतात. आणखीही बरंच होतं. प्रमुख पाहुण्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी माइकवरून वाचून दाखवलं. दोनशे शिक्षक हसले. एकनाथ मांडीवर शाल-नारळ घेऊन स्टेजवर बसला होता. तोही हसला.

तो हसला म्हणून मी निश्चिंत होतो. समारंभ संपल्यावर तो एसटीने नरपडला गेला. किल्ली चुकून त्याच्या खिशात राहिली असं मी धरून चाललो. चुकून राहिलेली नाही हे कळायला मला चार महिने लागले, आणि तोवर उशीर झालाय असं म्हणायला मला ते सोयीचं पडलं. राजदूतला किल्ली ही एक औपचारिकता असते, हेडलाइटवरच्या भोकात खिळा घातला तरी ती चालू होते. पण मी खिळा घातला नाही. गोणपाट घातलं.

बायकांचं मात्र भांडण झालं नव्हतं. संगिता आणि एकनाथची वसुमती गेली अकरा वर्षं दर गुरुवारी फोनवर बोलतात. आम्ही एकमेकांशी बोलत नसल्यामुळे त्यांना विषय कमी पडत नाही. त्या गुरुवारी संगिताने फोन माझ्याकडे दिला.

"तुमच्याशी बोलायचंय म्हणतेय."

वसुमतीवहिनी डहाणू रोडच्या तिकीट खिडकीवर तीस वर्षं होत्या. त्यांना प्रस्तावनेची सवय नाही.

"भावजी, ह्यांना कंपवात झालाय, ते संगिताने सांगितलं असेलच. हाताचं चालवून घेतो आम्ही. पण आता आवाज चाललाय. बोलतात, पण ओटीवरचं स्वयंपाकघरात पोचत नाही. मी दहादा काय, काय करते, मग ते बोलायचंच सोडून देतात. परवा दिवसभरात चार शब्द बोलले असतील."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर म्हणतात, आवाजाला व्यायाम द्या. रोज अर्धा तास मोकळ्या गळ्याने गा. आत्ता केलं तर राहील, पुढे केलं तर उपयोग नाही."

"मग गाऊ दे ना त्याला."

"मी तेच म्हटलं. तर म्हणाले, कोंबड्या पळतील."

माझ्या लिखाणातलं वाक्य कुणीतरी अकरा वर्षं लक्षात ठेवावं, असं प्रत्येक लेखकाला वाटत असतं.

"तुम्ही बंद केलंत भावजी," वहिनी म्हणाल्या, "तुम्हीच चालू करून द्या."

"रविवारी येतो."

"जाण्याचं की जाऊन-येऊन?"

"म्हणजे?"

"संगिताने सांगितलंय मला सगळं. आमच्याकडे उतार नाही. परतीचं बघून निघा."

परतीचं लहान्याने बघून दिलं. त्याचा सल्ला सोपा होता. "गाडी बंदच करू नका गुरुजी. घरून निघाली ती घरी येऊनच बंद. मधे कोन बी भेटला, कायपन झाला, तरी हात लावायचा नाय."

रविवारी शेळीची जागा रिकामी होती. घरंगळलो, गचका बसला, निघालो. झरी सोडलं, बोर्डी सोडलं, घोलवड सोडलं. उजव्या हाताला सुरूची झाडं आणि त्यांच्यामागे समुद्र, डाव्या हाताला चिकूच्या वाड्या. शर्टाच्या खिशात चार पानी माफीनामा होता. तीन रात्री खपून लिहिला होता आणि त्यात विनोद एकही नव्हता, त्यामुळे तो मला जरा अनोळखी वाटत होता. मनात बेत असा की फाटकाशी गाडी टक टक करत उभी ठेवायची, तो आवाज ऐकून एकनाथ बाहेर येईल, मागे बसेल, आणि आम्ही तसेच निघू. बेत चांगला होता. त्यात एकनाथने बोलायचं गृहीत धरलेलं नव्हतं एवढंच.

वहिनी फाटकाशी आल्या. "बंद करा आणि आत या."

"बंद केली तर परत जाता येणार नाही."

"मग तर कराच."

मी गाडीवरच बसून राहिलो. अंगणापलीकडे ओटीवर खुर्चीत एकनाथ होता. निम्मा झाला होता. उजवा हात मांडीवर आपल्या आपण नाचत होता आणि डाव्या हाताने त्याने तो धरून ठेवला होता, द्वाड मुलाला बाकावर धरून बसवावं तसा. त्याने आधी राजदूतकडे पाहिलं. बराच वेळ. मग माझ्याकडे. मग त्याचे ओठ हलले.

"काय?" मी ओरडून विचारलं.

ओठ पुन्हा हलले. माझ्यापर्यंत फक्त फाट फाट फाट आलं.

"ऐकू येत नाही रे."

तिसऱ्यांदा त्याने ओठ हलवले, अर्ध्यात सोडले आणि मान फिरवून चिकूच्या झाडाकडे बघायला लागला. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. तिकीट खिडकी बंद व्हायला दोनच मिनिटं राहिली आहेत, असा चेहरा होता.

लहान्याने सांगितलेलं सगळं मला आठवत होतं. मी हात पुढे केला आणि किल्लीच्या जागी लहान्याने घातलेला हेडलाइटवरचा खिळा उपटला.

राजदूत दोनदा खोकली आणि गप्प झाली. एकदम समुद्र ऐकू यायला लागला. वाडीत कुठेतरी कुणीतरी झाडलोट करत होतं, तेही ऐकू आलं.

"सा उतरलाय," एकनाथ म्हणाला. कागद सरकल्याएवढा आवाज होता.

"कुणाचा?"

"गाडीचा. अर्ध्या सुराने उतरलाय."

"पिस्टन नवा घातलाय."

"तरीच," तो म्हणाला. अकरा वर्षांनंतरचं आमचं हे पहिलं संभाषण.

मी गाडी स्टँडला लावून ओटीवर गेलो. बिनसाखरेचा चहा आला. त्याच्या पेल्यात अर्धाच होता, सांडू नये म्हणून. आम्ही आधी औषधांची माहिती करून घेतली. त्याच्या गोळ्या दिवसाला अकरा, माझ्या सात. तो जिंकला. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा मी खिशातून चार पानं काढली आणि चष्मा लावला.

"काय आहे ते?"

"लिहून आणलंय. वाचतो."

"नको," तो म्हणाला. "तुझं लिहिलेलं लोक मोठ्याने वाचतात तेव्हा मला त्रास होतो."

मी पानांची घडी घातली. पहिला परिच्छेद खरोखर चांगला होता.

"कोंबड्यांचं काही नाही रे नव्या," तो मला म्हणाला. मी खुर्ची जवळ सरकवली, गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत. त्याचा कापता आणि माझा स्टीलचा. "कोंबड्या पळायच्याही असतील. मी कुठे मागे वळून बघत होतो. लोक हसले त्याचंही नाही. पण मला इतकी वर्षं वाटायचं, पुढे एकजण बसून ऐकतोय. ते वाचल्यावर कळलं, की तू ऐकत नव्हतास. तू साहित्य गोळा करत होतास."

वहिनी पेले उचलायला आल्या होत्या, त्या तशाच आत गेल्या.

लेखी माफीनाम्यात याचं उत्तर नव्हतं. कंपवाताने त्याचा चेहराही जरा दगडी झालेला, त्यामुळे तो रागावलाय की नुसताच बसलाय हेही कळेना. मला एकच गोष्ट आठवली, ती मी सांगितली.

"आपल्याला उशिरा आल्याबद्दल खुलासे किती मागितले होते, आठवतंय?"

"तीन."

"चार. एक तुला दाखवला नाही. मी उत्तर काय दिलं होतं?"

"गाडी नादुरुस्त होती म्हणून."

"गाडी कधी नादुरुस्त होती एकनाथ?"

तो विचार करायला लागला.

"चौदा किलोमीटरला किती वेळ लागतो? चाळीसने गेलं तर वीस मिनिटं. आपल्याला पस्तीस लागायची. का? तर पंचवीसच्या वर गेलो की तू थांबायचास. मी तीस वर्षं ती गाडी पंचवीसने चालवली. तरुणपणी, राजदूतवर, पंचवीसने. मागून बैलगाडीवाले हॉर्न वाजवायचे. न ऐकणारा माणूस चार खुलासे कशाला देईल?"

एकनाथच्या मांडीवरचा हात नाचत होता, त्याने या वेळी तो धरला नाही.

"मग लिहिलंस कशाला?"

"मला गाता येत नाही म्हणून. तुझं सगळ्यांना कळावं असं वाटत होतं. मला लिहिता एकाच पद्धतीने येतं. चुकलं."

"फार चुकलं," तो म्हणाला.

"हो."

"बैलगाडीला हॉर्न नसतो."

"नसतो," मी मान्य केलं.

तो उठला. उठायला त्याला वेळ लागतो, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. मी हात पुढे केला नाही, कारण उठताना कुणी हात दिलेला मलाही आवडत नाही. तो आत गेला आणि देवळीतून काहीतरी घेऊन आला. किल्ली. तिला तेल लावलेलं होतं. अकरा वर्षं पडून राहिलेल्या किल्लीला एवढी चमक आपणहून येत नाही. आम्ही दोघे गाडीशी गेलो. भोकात किल्ली घालायचे त्याचे सहा प्रयत्न फसले. मी चिकूच्या झाडाकडे बघत उभा राहिलो. सातव्यांदा ती बसली.

"मार किक," तो म्हणाला.

"मला मनाई आहे."

"मग?"

"उतार लागतो."

एकनाथने रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. समुद्रसपाटी हा शब्द मुलांना कुठेही नीट समजावून सांगता येत नसेल, तर त्यांना नरपडला आणावं.

शेवटी वहिनींनी पदर खोचला आणि वाडीत झाडणाऱ्या शुक्रीला हाक मारली. शुक्री तिथे वीस वर्षं कामाला आहे. तिने खराटा ठेवला, आम्हाला दोघांना आणि गाडीला नीट न्याहाळलं.

"दोन म्हातारे नि एक गाडी," ती म्हणाली. "तिघांत चालू एक बी नाय."

आम्ही दोघे बसलो. हेल्मेट एकच होतं, ते मी त्याला घातलं. फाटकापासून वळणापर्यंत आणि परत एवढंच जायचं ठरलं होतं. दोघींनी मागून रेटा दिला. दहा पावलं, वीस पावलं, क्लच सोडला, गचका, फाट फाट, आणि राजदूत सुरू झाली. शुक्री मागे काहीतरी म्हणाली आणि वहिनी हसल्या. काय ते मला कुणी सांगितलं नाही.

दुसरा गिअर. पंधरा, वीस, पंचवीस. काटा तिथे धरला. सुरूच्या झाडांची सावली रस्त्यावर पट्ट्यापट्ट्यांनी पडली होती. मागे हालचाल नव्हती. माझ्या खांद्यावर त्याचा हात होता आणि तो कापत होता, पण राजदूतवर सगळंच कापतं, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं.

चुकून काटा अठ्ठावीसवर गेला. पाठीत बोट टोचलं.

मी पंचवीसवर आलो. आणि मग सुरू झालं. कानाला काही आलं नाही. पाठीला आलं. हेल्मेट माझ्या पाठीवर टेकलेलं होतं आणि त्यातून एक बारीक घूं येत होती, मांजर मांडीवर बसून करतं तशी. भूपातलं होतं बहुतेक. पाठीने राग ओळखायची मला सवय नाही. ते नीट ऐकू यावं म्हणून मी मान जराशी मागे केली. मग आणखी जराशी. अ‍ॅक्सिलरेटरवरचं मनगट आपोआप सैल पडलं. वळणावरून परत फिरलो होतो, फाटक दोनशे पावलांवर होतं, आणि तिथे राजदूत एकदा हुंदका दिल्यासारखी करून बंद पडली.

एकनाथला कळलं नाही. त्याच्या कानांवर हेल्मेट होतं आणि डोळे मिटलेले असणार, ते नेहमीच असत. गाडी हळूहळू उभी राहिली, मी दोन्ही पाय टेकले, आणि तो गातच होता. तंबोऱ्याशिवाय. आवाज सुरुवातीला दोऱ्याएवढा होता, मधेच तुटायचा, तो पुन्हा गाठ मारायचा. मग एका जागी त्याने श्वास घेतला आणि स्वर वर टाकला. चिरकला. पुन्हा टाकला. या वेळी लागला. मी पुढे बघत बसलो. हँडल घट्ट धरून ठेवलं होतं, तशी काही गरज नव्हती.

कडेला कुणाच्या तरी कोंबड्या चरत होत्या. त्यांनी काय केलं ते मी बघितलं, पण या विषयावर यापुढे काहीही लिहायचं नाही असं माझं ठरलेलं आहे.

समेवर आल्यावर तो थांबला. हेल्मेट वर केलं.

"गाडी बंद पडली?"

"मघाशीच."

"कधी?"

"तू वरचा सा लावलास त्याच्याही आधी."

मागे वळून बघायची माझी हिंमत नव्हती. रस्ता पुढेमागे सपाट, माणूस कुठे दिसेना. मला किक मारता येत नव्हती, त्याला गाडी ढकलता येत नव्हती, आणि दोनशे पावलांवरच्या फाटकाच्या आत अंगण, अंगणाच्या आत ओटी, ओटीच्या आत स्वयंपाकघर होतं.

एकनाथने छाती भरून श्वास घेतला. माझ्या पाठीला तो कळला.

"वसुमती," त्याने हाक मारली.

सुरूवरचे कावळे उडाले. क्षणभर काही झालं नाही. मग फाटक वाजलं आणि वहिनी बाहेर आल्या. हाताला पीठ होतं. त्या तिथेच उभ्या राहिल्या, आमच्याकडे बघत, आणि पिठाच्याच हाताने त्यांनी एकदा डोळे पुसले. मग खिडकीवरच्या आवाजात विचारलं, "काय पाहिजे?"

"जरा धक्का मारतेस का?" एकनाथ तितक्याच मोठ्याने म्हणाला. "आणि येताना शुक्रीलाही आण."